नकाशेबाईंच्या हॉलमधला समुद्र

नकाशेबाईंनी एकतीस वर्षं मुलांना समुद्र शिकवला, आणि तेवढ्या काळात स्वतः समुद्र पाहिला एकूण चार वेळा. त्यापैकी एकदा बसच्या खिडकीतून, तोही उलट्या बाजूच्या सीटवर बसून. हे कुणी त्यांच्या पाठीमागे म्हणत नाही, त्या स्वतःच सांगतात.

नकाशेबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. भूगोलाच्या तासाला त्या काखेत गुंडाळलेला नकाशा घेऊन येत, फळ्यावर अडकवत आणि लाकडी पट्टीने प्रवाह दाखवत. तांबडे बाण उष्ण, निळे बाण थंड. त्यांचा आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या मुलांनाही समुद्रप्रवाह पाठ झाले होते. निवृत्त झाल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की बाईंनी हजारो मुलांना जगाच्या पाण्याची ओळख करून दिली. बाईंना ते खरं वाटलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच, असं त्या म्हणतात.

निवृत्तीनंतर चारच महिन्यांनी त्यांची दाढ ठणकायला लागली. ज्या दंतवैद्यांकडे त्या जात त्यांचा दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. त्यांना मुलीकडे परगावी राहायला जायचं होतं. दवाखान्याच्या भिंतीत साडेतीन फुटांची एक काचेची टाकी बसवलेली होती, खाऱ्या पाण्याची. आत एक मोठा खडक, त्यावर बोटांसारखे, पंख्यासारखे, गुच्छासारखे जिवंत प्रवाळ, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची एक जोडी. दाढ कोरली जात असताना बाई त्या माशांकडे बघत राहिल्या, कारण बघायला दुसरं काही नव्हतं.

काम संपलं. अर्धा चेहरा बधिर, ओठ कुठे आहे ते कळत नाही. दंतवैद्य हात धूत सांगत होते, "या टाकीचं काय करावं कळत नाही हो. कुणी घेईना. मी गेलो की आठवड्यात मरतील हे सगळे." बाईंनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, "बरं, मी येते."

पण बधिर तोंडातून काय निघालं देव जाणे. दंतवैद्य वळले, ओल्या हातांनीच त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "खरंच घेता?"

आता माणसाने सरळ सांगावं की मी निरोप घेत होते, टाकी नव्हे. पण त्या गृहस्थांचे डोळे भरून आले होते. बाईंनी मान हलवली. ती नकारार्थी हलवायची होती, पण दाढेवर ताण येईल म्हणून जपून हलवली, आणि जपून हलवलेली मान होकारासारखीच दिसते.

आठ दिवसांनी टाकी घरी आली. मागचे पंप, नळ्या, खालची टाकी हे सगळं दवाखान्याच्या भिंतीत चिणलेलं होतं, ते तिथेच राहिलं. प्रवाळ आणि मासे एका प्लास्टिकच्या मोठ्या टबात, एक छोटा पंप आणि पाणी कोमट ठेवणारी कांडी लावून, हॉलच्या कोपऱ्यात आले. "पंधरा दिवस तग धरतील," दंतवैद्य म्हणाले. "तेवढ्यात पाणी फिरतं करा. हे साचलेल्या पाण्यात जगत नाहीत. पाणी वरून खाली, खालून वर, आणि टाकीच्या आतही सतत हलतं हवं. तुम्ही तर भूगोलाच्या. तुम्हाला मी काय सांगणार."

बाईंना वाटलं, खरंच आहे.

घरात माणसं तीन. बाई, त्यांचे यजमान आणि सासरे. यजमान विमा कंपनीत होते, कुठे आग लागली, पाणी शिरलं की जाऊन नुकसानीची पाहणी करायची हे त्यांचं काम. घरातही ते पाहणी केल्यासारखेच वावरत: बघत, नोंद घेत, मत देत नसत. सासरे ब्याऐंशी वर्षांचे. ते प्लंबर होते. अर्ध्या गावाच्या भिंतींमधून त्यांनी बसवलेल्या नळ्या धावत होत्या. हातांना कंप सुटल्यापासून त्यांनी पाना खाली ठेवला होता, आणि आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छपाईच्या पत्त्यापर्यंत वाचत.

त्यांनी टबात डोकावून बघितलं आणि विचारलं, "खायचे की बघायचे?"

"बघायचे, बाबा."

"बरं," म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. बाईंचं लग्न होऊन आठवडाच झाला होता तेव्हाची. पाहुण्यांनी घर भरलेलं, जेवणं चाललेली. सासरे सहज म्हणाले की वरच्या मजल्याला पाणी चढत नाहीये, नळीत हवा धरलीये. नव्या सूनबाईंच्या हातात नुकतीच पदवी पडलेली. त्यांनी सगळ्यांदेखत समजावून सांगितलं की हवा 'धरत' वगैरे नसते, हा दाबातल्या फरकाचा प्रश्न आहे, आणि ताटातल्या मिठाने आकृतीसुद्धा काढून दाखवली. पाहुण्यांनी कौतुक केलं. सासरे म्हणाले, "असं होय." दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर गेले, त्यांनी नळीतली हवा काढली, आणि पाणी चढलं. त्यानंतर चौतीस वर्षांत त्यांनी सुनेसमोर पाण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. बाकी सगळं बोलत. आजारपणात तिच्या उशाशी बसले, तिच्या मुलीला सायकल शिकवली. फक्त पाणी हा विषय घरातून वगळला गेला.

तेव्हा बाईंनी काम एकटीनेच हाती घेतलं. दोन दिवस व्हिडिओ पाहिले, तिसऱ्या दिवशी आराखडा काढला. तो आराखडा अजून त्यांच्याकडे आहे आणि त्या तो येणाऱ्याजाणाऱ्याला हसायला देतात. लाकडी स्टँडवर मोठी टाकी, तिच्या कोपऱ्यात काचेची एक उभी पेटी, पेटीच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते. त्या दातांवरून पाणी पेटीत सांडणार, पेटीच्या तळाच्या भोकातून नळीने स्टँडच्या पोटातल्या दुसऱ्या, खालच्या टाकीत उतरणार, तिथे गाळलं जाणार आणि पंप ते पुन्हा वर ढकलणार. उतरणारं पाणी निळ्या बाणांनी, चढणारं तांबड्या. खाली सूची, बाजूला प्रमाण, आणि वर उजव्या कोपऱ्यात उत्तर दिशा. टाकीच्या आराखड्याला उत्तर दिशा कशाला, हे तेव्हा घरात कुणी विचारलं नाही. यजमानांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला. सासऱ्यांनी खुर्चीतूनच मान लांब करून बघितला. मग पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

नळ्यांच्या दुकानात बाईंनी मागितलं, "काटकोनात वळणारा जोड द्या, एक इंची."

दुकानदाराने वर बघितलं. "बाई, एल्बो म्हणा. लवकर मिळेल."

एल्बो, सॉकेट, युनियन, पारदर्शक लवचिक नळी, चिकटवायचं सोल्युशन असं सगळं घेऊन त्या घरी आल्या. करवतीने नळ्या कापताना पहिली तिरकी गेली, दुसरी आखूड पडली, तिसरी बरोबर बसली पण ती चुकीच्या जागी. सोल्युशनचा डबा उघडला तसा घरभर वास सुटला. एका जोडाबरोबर त्यांनी आपला साडीचा पदरही चिकटवला आणि शेवटी तो कात्रीने सोडवावा लागला. सासरे खिडकीशी बसून हे बघत होते. त्या दिवशी त्यांच्या पेपरचं एकही पान उलटलं गेलं नाही.

पाचव्या दिवशी पाणी सुरू केलं. खारं पाणी दातांवरून पेटीत सांडलं, खाली गेलं, पंपाने वर आलं. बाई हॉलच्या मधोमध उभ्या राहून बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे बाण खरोखर वाहत होते.

फक्त आवाज भयंकर होता. पाणी नळीत शिरताना आधी घटाघट, मग एक लांब घोट, मग ढेकर. आतून सासऱ्यांनी विचारलं, "न्हाणीघरात कोण गेलंय?"

बाईंनी घरच्यांना सांगितलं की वाहत्या पाण्याच्या आवाजाने मन शांत होतं, तसं सिद्ध झालेलं आहे. यजमान म्हणाले, "कुठल्या वाहत्या पाण्याच्या?" आणि ऑफिसला गेले.

प्रवाळ आणि मासे टाकीत सोडून दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या, तेवढ्यात वीज गेली. हॉलमधला ढेकरांचा आवाज थांबला. बाईंना क्षणभर बरंच वाटलं. मग दुसरा आवाज ऐकू आला, बारीक, सलग, फरशीवर पाणी पडत असल्याचा.

त्या धावत बाहेर आल्या. खालची टाकी काठोकाठ भरून वाहत होती. पाणी स्टँडखालून सतरंजीवर, सतरंजीवरून दाराकडे. वरच्या टाकीतली पातळी डोळ्यांदेखत उतरत होती, खडकाचा माथा उघडा पडला होता. बाईंनी पंपाचं बटण बंद केलं. वीज नसलेल्या पंपाचं बटण. मग वायर उपटली. पाणी थांबेना. "पंप बंद आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या, जणू पाण्याला ते कळवायचं राहिलं होतं. मग त्यांनी सतरंजी उचलून खालच्या टाकीभोवती गुंडाळायचा प्रयत्न केला. आपण नेमकं काय करत होतो हे त्यांना आजही सांगता येत नाही.

सासरे काठी टेकत आले. त्यांनी खाली बघितलंच नाही. सरळ वरच्या टाकीशी गेले, काठी भिंतीला लावली आणि पंपाकडून येणारी लवचिक नळी, जिचं तोंड बाईंनी नीट खोल तळाशी सोडलं होतं, ती कापऱ्या हातांनी धरून पाण्याबाहेर ओढून काढली. नळीने एकदा हवा घेतल्याचा आवाज केला. पाणी थांबलं.

बाई ओली सतरंजी छातीशी धरून उभ्या होत्या.

"बंद पंप पाणी अडवत नाही," सासरे म्हणाले. "त्याच्यातून ते उलटं जातं. नळीचं तोंड जेवढं खोल, तेवढं पाणी ती खाली खेचणार."

बाईंना ते वाक्य संपायच्या आत सगळं समजलं. हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. पंधरा वर्षांपूर्वी विज्ञानाच्या बाई रजेवर असताना त्यांनी हाच धडा, दोन पेले आणि एक नळी घेऊन, मुलांना शिकवला होता.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"आराखडा बघितला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

सासरे खुर्चीकडे वळले. "मला वाटलं, पुस्तकात काही वेगळं असेल."

ते टोमणा मारत नव्हते, हीच पंचाईत होती. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. बाई सांगतात की मुख्याध्यापकांच्या भाषणाने जे डोक्यात गेलं होतं, ते त्या एका वाक्याने उतरलं. त्या ओल्या फरशीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मला येत नाहीये हे. तुम्ही शिकवा."

सासऱ्यांनी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. "आधी पुसून घे," ते म्हणाले.

एवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे, व्हायोलिन शिकवणारे गृहस्थ दारात उभे होते. अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आमच्या छतातून पाणी येतंय. तुमच्या नळाचं असेल असं वाटलं, पण ते खारट आहे." बाईंना त्याही स्थितीत प्रश्न पडला की या माणसाने ते चाखून का बघितलं. संध्याकाळी यजमान ऑफिसातून आले, सतरंजीकडे बघितलं, भिंतीवरच्या ओलीची उंची बघितली आणि सवयीने विचारलं, "घटनेचं कारण?"

"मी," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून काम नव्याने सुरू झालं. मासे आणि प्रवाळ परत टबात गेले. सासऱ्यांची खुर्ची खिडकीजवळून टाकीसमोर आली. त्यांचे हात थरथरत, म्हणून हात बाईंचे आणि डोकं त्यांचं. आणि चौतीस वर्षं पाण्याबद्दल गप्प राहिलेला माणूस बोलायला लागला तो थांबेचना.

"नळी कापलीस की आधी कड घास. कुसळ राहिलं तर तिथे घाण धरते. हां, आता सोल्युशन. दोन्हीकडे. एवढं नको, मलम लावतेस का? आता आत घाल आणि घालताना पाव फेरा फिरव. धरून ठेव. सोडू नकोस. तीस मोज."

बाई तीस मोजत. वर्गात मुलांना जसं पट्टीच्या तालावर मोजायला लावायच्या तसं. पंचवीसला हात सुटला तर सासरे म्हणत, "पुन्हा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती. आपल्या हाताखाली शिकलेली मुलं आपल्याला मनातल्या मनात काय म्हणत असतील, याचा बाईंना अंदाज यायला लागला.

आवाजावर सासऱ्यांनी अर्ध्या तासात उपाय सांगितला. उतरणाऱ्या नळीला पेटीच्या आत उंच उभं करायचं, माथ्यावर खाली तोंड वळवलेला एल्बो, आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक भोक. "पाणी आणि हवा एकाच दारातून जायला बघतात, मग भांडतात. हवेला तिचं वेगळं दार दे." बाईंनी भोक पाडलं. ढेकर गेले, नुसती हलकी सळसळ राहिली.

वर जाणाऱ्या नळीचं तोंड त्यांनी पाण्याच्या अगदी वरच्या थराशी आणायला लावलं, आणि त्याच्याही थोडं वर, पाण्याच्या रेषेच्या लगेच खाली, आणखी एक बारीक भोक. वीज गेली की पाणी बोटभर उतरेल, भोक उघडं पडेल, नळीत हवा शिरेल आणि खेच तुटेल. खालच्या टाकीवर बाहेरून चिकटपट्टीची एक रेघ मारायला लावली, तिच्या वर पाणी भरायचं नाही, वरून उतरणाऱ्या पाण्याला तेवढी जागा रिकामी. पंपाच्या दोन्ही अंगांना युनियन, म्हणजे आटे फिरवून उघडता येणारा जोड. बाईंनी ते पहिल्या वेळी आणले होते, पण कळले नाहीत म्हणून लावलेच नव्हते.

एकदा चहा पिताना सासऱ्यांनी विचारलं, "एक सांग. समुद्राचं पाणी फिरतं म्हणतेस. त्याचा पंप कुठे?"

बाईंनी पट्टी शोधली नाही. बशीवर बोट फिरवत सांगितलं की वारा वरचं पाणी ढकलतो, ऊन एकीकडे जास्त पडतं, थंड आणि खारट पाणी जड होऊन खाली बसतं, पृथ्वी फिरते म्हणून प्रवाह वळतात. सासरे सगळं ऐकून घेत होते. मध्ये एकदा म्हणाले, "खाली बसलेलं पुन्हा वर कधी येतं?"

"काही ठिकाणी शेकडो वर्षांनी."

त्यांनी कप खाली ठेवला. "आणि वीज जायची भीती नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "शेकडो वर्षं."

नवं काम सुरू केल्यापासून नवव्या दिवशी पाणी पुन्हा सुरू झालं. सासऱ्यांनी लगेच पंप बंद करायला लावला. पाणी बोटभर उतरलं, नळीने फुर्र केलं आणि थांबलं. त्यांनी दहा वेळा बंद-चालू करून घेतलं. यजमान त्या दिवशी घरी होते, त्यांनीही एकदा बटण दाबून बघितलं आणि मान डोलावली. विम्याच्या माणसाकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

पण प्रवाळ उघडेनात. निरोगी प्रवाळावर बारीक बारीक तोंडं फुललेली असतात. यांची सगळी मिटलेली, खडकावर राखाडी गाळ बसलेला. वर-खाली पाणी फिरत होतं, पण टाकीच्या आतलं पुरेसं हलत नव्हतं. बाईंनी आत पाणी ढकलणारे दोन छोटे पंखे आणले, रबरी चकतीने काचेला चिकटणारे. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोघांची तोंडं समोरासमोर, आणि दोन्ही पूर्ण वेगात. तळाची सगळी वाळू उठली. टाकीत वादळ. दोघे मासे एका कोपऱ्यात काचेला पाठ लावून, गर्दीत हरवलेल्या म्हाताऱ्या जोडप्यासारखे उभे. पंख्यासारख्या एका प्रवाळाची कड त्या माऱ्याने सोलून निघाली.

बाईंनी वेग कमी केला, पंखे वर सरकवले, खाली सरकवले. कधी एका बाजूला वादळ, दुसऱ्या बाजूला डबकं. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे म्हणाले, "माझं पाणी नळीतलं. उघड्यावरच्या पाण्याचं मला कळत नाही. हे तुझं खातं."

बाईंना आपल्या खात्यात मात्र चार दिवस काही सुचलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्या उठून बघतात तो एका पंख्याची रबरी चकती घसरलेली, पंख्याचं तोंड फिरून मागच्या काचेला समांतर झालेलं. बाई तो सरळ करायला हात घालणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष वाळूकडे गेलं. वाळू शांत होती. त्यांनी माशांचं खाणं बोटांत चुरून चिमूटभर पाण्यात सोडलं. कण मागच्या काचेला धरून डावीकडे गेले, कोपऱ्यात वळले, पुढच्या काचेवरून सावकाश उजवीकडे आले आणि पुन्हा मागे. खडकाभोवती एक मोठा चक्राकार फेरा.

बाई तिथेच स्टुलावर बसल्या. पट्टीने हा फेरा त्यांनी नकाशावर किती हजार वेळा दाखवला होता. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असे. आणि तो आपल्याच टाकीत हवा, हे त्यांना एका ढिल्या रबरी चकतीने दाखवून दिलं होतं.

"बाबा, जमलं," त्या म्हणाल्या.

"कसं जमवलंस?"

खोटं बोलावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. "पंखा घसरला," त्या म्हणाल्या.

सासरे भिंग घेऊन आले. आणखी एक चिमूट सोडायला लावली, कण कुठे अडतात ते बघितलं. खडकामागे एका ठिकाणी ते थांबून खाली बसत होते. दुसरा पंखा तिकडे लावला, अगदी मंद. तीन दिवसांनी गुच्छाच्या प्रवाळाची तोंडं उघडली, आधी टोकाची, मग सगळी. सोललेली कड मात्र परत आली नाही. तिथे पांढरा सांगाडा उघडा आहे, आणि पाहुण्यांना टाकी दाखवताना बाई आधी तो दाखवतात.

तो उन्हाळा चांगला गेला. व्हायोलिनवाले गृहस्थ अधूनमधून टाकी बघायला वर येऊ लागले. छत त्यांनी नव्याने रंगवून घेतलं होतं, बाईंनी तो खर्च उचलायचा हट्ट धरला आणि त्यांनी तो उचलू दिला. आपल्या विद्यार्थ्यांना ते सांगत की वर एक बाई राहतात, त्यांच्यामुळे माझ्या घरी समुद्र आला होता.

थंडीत सासरे घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, तीन आठवडे रुग्णालयात राहावं लागणार होतं. त्याच आठवड्यात पंप गुरगुरायला लागला आणि पाण्याची धार बारीक झाली. बाईंनी ठरवलं, बाबांना त्रास द्यायचा नाही. त्यांनी दोन्ही युनियन उघडून पंप सोडवला. आतल्या फिरत्या भागावर पांढरा चुनखडीसारखा थर बसला होता. तो व्हिनेगरमध्ये बुडवला, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासला, धुतला, परत बसवला, युनियन आवळल्या. पाऊण तासात काम झालं. स्वतःवर खूश होऊन त्यांनी बटण दाबलं. पंप हलला नाही.

मग एक तास गेला. त्यांनी पंप पुन्हा उघडला, पुन्हा घासला, पुन्हा बसवला. हलक्या हाताने थोपटला. मग जरा जोरात थोपटला. दंतवैद्यांना परगावी फोन लावला, त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी भीत भीत, कुणाचा अपमान होऊ नये अशा बेताने, विचारलं, "वायर लावलीये ना हो?"

ती लावलेली नव्हती.

संध्याकाळी रुग्णालयात बाईंनी हे सगळं सासऱ्यांना सांगितलं, वायरीसकट. सासरे हसायला लागले. हसताना खुब्यातून कळ यायची, ते कण्हायचे आणि पुन्हा हसायचे. नर्स धावत आली. "काय झालं आजोबा? आणि या कोण तुमच्या?"

"ही सून," सासरे डोळे पुसत म्हणाले. "समुद्राचं सगळं हिला येतं. नळाचं माझ्या हाताखाली शिकतेय."

नर्सने बाईंकडे बघितलं. साठीला टेकलेली, चष्मा लावलेली, अंगाला व्हिनेगरचा वास येणारी शिकाऊ. बाई म्हणतात, मुख्याध्यापकांच्या भाषणाने मी फुगले होते हे कबूल, पण त्या वाक्याने मला जे झालं ते फुगणं नव्हतं. काय होतं ते मात्र त्यांना नीट सांगता येत नाही. त्या नर्सला म्हणाल्या, "अजून कच्ची आहे."

सासऱ्यांचं हसू थांबलं होतं. "युनियन कशाने आवळलीस?"

"पान्याने. चांगली घट्ट."

"पान्याने कशाला? आत रबराची रिंग असते. हाताने आवळायची. पान्याने रिंग दबते, कधी तडाही जातो." त्यांनी उशीवर डोकं टेकलं. "घरी जा आधी."

"भेटायची वेळ अजून अर्धा तास आहे, बाबा."

"माझं काही गळत नाहीये. जा."

बाई घरी आल्या. स्टँडखाली टॉर्च धरला तर डाव्या युनियनखाली एक थेंब लोंबत होता, आणि त्याच्या खाली लाकडावर मिठाची पांढरी वर्तुळं वाळून बसलेली. त्यांनी पंप बंद केला, जोड उघडला, रिंग काढून पुसली, सरळ बसवली आणि हाताने आवळली. मग फरशीवर पालथं पडून बराच वेळ बघत राहिल्या. यजमान दारातून आत आले, बायकोचे फक्त पाय स्टँडखालून बाहेर दिसत होते. त्यांनी बूट काढले आणि शेजारी बसून टॉर्च धरला.

तीन आठवड्यांनी सासरे घरी आले, चार पायांचा आधार ढकलत, दर दोन पावलांना थांबत. यजमानांनी त्यांची खोली तयार ठेवली होती, पलंगाची उशी उंच केली होती. ते खोलीकडे वळले नाहीत. टाकीसमोर येऊन उभे राहिले. पाणी सळसळत होतं, दोघे मासे गुच्छाच्या प्रवाळात घुसून बसले होते. सासऱ्यांनी त्यांच्याकडे नजरही टाकली नाही. खाली स्टँडकडे बघत त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, आणि ते जमणार नाही हे कळल्यावर म्हणाले, "वाक आणि बघ."

बाई वाकल्या. "कोरडं आहे, बाबा."

"बघून नको सांगू. हात लावून सांग."

बाईंनी हात आत घातला आणि दोन्ही जोडांखालून बोट फिरवलं.